कानात सांगायचं राहिलेलं नाव
हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजायला लागल्या, की मला बीडच्या घरातलं ते बारसं आठवतं. भाऊ परदेशात, बाळही तिकडेच. आत्या म्हणून त्याच्या कानात नाव मी कॉम्प्युटरवरून सांगणार होते. बैठकीत जमलेल्या बायकांना बाळ दिसावं, तिथवर इंटरनेट पोचावं म्हणून मोडेमला नवा राउटर जोडला, आणि इंटरनेटच बंद पडलं. दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, दोन्ही डब्यांचा पत्ता, म्हंजी आतला नंबर, एकच हाय, एकाचा बदला." बदलला, तर कॉम्प्युटरवर दोन्हींची सेटिंगची पानंच उघडेनात, मेल्यांचे हिरवे दिवे मात्र खुशाल लुकलुकत होते. "कावून दिसंना गं बाळ?" आई सारखी विचारत होती. शेवटी भावाचाच फोन आला. मुहूर्त टळू नये म्हणून तिकडच्या शेजारणीनं नाव सांगून टाकलं होतं. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. भाचा आता कॉलेजात आहे. फोनवर त्याचं नाव मी अजून हळूच घेते, कानात सांगितल्यासारखं.