आमच्या दोघींच्या मधला हात

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, जाऊ दे, भास झाला असेल. त्यात माझं कामच संशय घ्यायचं. ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात मी ग्राहकांच्या तक्रारी तपासते. कुणाला फोनवर गंडवलं, कुणाच्या कार्डावरून परस्पर खरेदी झाली... खरं कोण सांगतंय आणि रचून कोण सांगतंय, दिवसभर हेच बघायचं. भूत-प्रेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण या एका प्रकरणात मला कुणालाच खोटं पाडता आलेलं नाही.

मी सुलभा. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही. आई आणि मी दोघीच राहायचो, ती गेल्या वर्षी गेली. भाऊ साताऱ्याला असतो, त्याचा फोन येतो, पण तेवढंच. शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. हे ऑफिसातल्या प्राचीच्या लक्षात आलं आणि तिने मला न विचारताच एका वीकेंड कॅम्पला माझं नाव घातलं. मोठ्या माणसांसाठी खेळांचा कॅम्प. फोन बाजूला ठेवायचे, लगोरी, डबा ऐसपैस असले लहानपणचे खेळ खेळायचे आणि अनोळखी माणसांशी मैत्री करायची.

ऐकताक्षणी मला वाटलं, शेवटी हे लोक काहीतरी विकणार. प्लॉट नाहीतर पॉलिसी, नाहीतर एखादे गुरुजी. पण घरी तरी काय करणार होते? गेले.

जागा जासईच्या पुढे, मेन रोडपासून आत. आंब्याची झाडं, पत्र्याची शेड, पुढे मोकळं रान. झाडांच्या वर पाहिलं की जवळच्या बंदराच्या यार्डातले एकावर एक रचलेले कंटेनर दिसायचे आणि ट्रेलरचे हॉर्न सतत ऐकू यायचे. कॅम्प चालवणारं जोडपं तिशीतलं — रोहन आणि मेघना. दोघं सारखी हसतमुख. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवून घेतले, तेव्हा माझा संशय अजून वाढला.

माझी जोडी लावली ती हिरूमावशींशी. मावशी बेलापूरच्या दिवाळे गावातल्या कोळीण, साठी ओलांडलेल्या. सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलं, आता गुडघ्यांमुळे ते बंद झालेलं. मुलगा बोटीवर नोकरीला आणि सून माहेरी, बाळंतपणासाठी. आई घरात एकटी बसून राहते म्हणून मुलानेच ऑनलाइन नाव घातलं होतं. मला त्यांचाही संशय आला. म्हटलं, रंगत आणायला आयोजकांनी आणून बसवलेली बाई असेल. नीट बोललेच नाही मी त्यांच्याशी. त्या मात्र दुपारी जेवताना स्वतःच्या ताटातला तळलेला बोंबील माझ्या पानात टाकून मोकळ्या झाल्या.

उन्हं उतरल्यावर विश्वासाचा खेळ होता. जोडीतल्या एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने त्याचा हात धरून रानातून फिरवून आणायचं. बोलायचं अजिबात नाही. रानाच्या कडेला रंगीत पताकांची दोरी बांधलेली, तिच्या पलीकडे जायचं नाही.

मेघनाने माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि सांगितलं की मावशी हात धरतील, शांत उभी राहा. मी उभी राहिले. थोड्या वेळाने उजव्या हाताला हात लागला.

मोठा, कोरडा, खरखरीत हात. मासळी कापून कापून होणारच असा, असं मला वाटलं. एका बोटात जाड अंगठी होती, ती माझ्या बोटाला रुतत होती. आम्ही चालायला लागलो. सुरुवातीला मी अडखळत होते, पण खड्डा आला की तो हात किंचित वर उचलायचा, दगड आला की थांबायचा. मग मला सवय झाली. मुद्दाम परीक्षा घ्यावी म्हणून मी एकदा मध्येच थांबले. हात ओढाताण न करता थांबून राहिला. मी निघाले तसा निघाला.

थोड्या वेळाने आम्ही डावीकडे वळलो. पायाखालचं गवत उंच लागायला लागलं, पोटऱ्यांना काहीतरी ओरबाडत होतं. इतरांच्या हसण्याचा आवाज लांब गेला. मला वाटलं, मावशी वाट चुकल्या. पट्टी वर करून बघावं म्हणून मी डावा हात उचलला — आणि उजव्या हातावरची पकड एकदम घट्ट झाली. दुखेल एवढी. मी हात खाली घेतला.

आणखी थोडं चालून आम्ही थांबलो. मग त्या हाताने माझा हात बाजूला नेला, दुसऱ्या एका हातावर ठेवला आणि सोडून दिला. हा दुसरा हात लहान होता, घामाने ओला, आणि त्याच्या मनगटावर बांगड्या होत्या.

तेवढ्यात मागून मेघनाची किंकाळी ऐकू आली. हलू नका म्हणून ती ओरडत होती. मी पट्टी ओढून काढली.

शेजारी हिरूमावशी उभ्या होत्या. त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी होती. आणि आमच्या पुढे, वेलींनी जवळजवळ झाकलेली, कठडा ढासळलेली विहीर. एक पाऊल टाकलं असतं तर दोघी आत गेलो असतो.

रोहन धावत आला. चूक अशी झाली होती की मेघनाने मला पट्टी बांधली, तेव्हाच शेडच्या दुसऱ्या बाजूला रोहनने मावशींना बांधली. प्रत्येकाला वाटलं, जोडीतल्या दुसरीचे डोळे उघडे आहेत. जिथे दोरी संपत होती तिथूनच आम्ही बाहेर पडलो होतो. विहिरीचं तर जागेच्या मालकाने त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी दोघांना वाट्टेल ते बोलले. मला वाटलं, हा सगळा त्यांचाच बनाव आहे, तिसऱ्याच कुणीतरी आम्हाला नेलं असणार. पण आमची पाळी चालू असताना बाकीचे सगळे शेडपाशी होते, एकमेकांसमोर.

मग मी मावशींना बाजूला घेतलं आणि ऑफिसात विचारते तसं विचारलं. तुम्ही माझा हात कधी धरलात?

"मी कशाला धरू?" त्या म्हणाल्या. "मना वाटला तूच धरलास. मी मनात बोलले, ऑफिसातली बाई, पन हात कवरा कडक हाय हिचा."

मी विचारलं, अजून काय जाणवलं? मुद्दाम काही सुचवलं नाही.

"आंगठी व्हती. टोचत व्हती मना."

माझ्या हातात अंगठी नाही. त्यांच्याही नाही, फक्त बांगड्या. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला, मी त्यांचा.

एवढ्यावर थांबले असते तर मीही भास म्हणून सोडून दिलं असतं. पण मेघनाने कॅम्पचा व्हिडिओ करायला मोबाईल स्टँडवर लावून ठेवला होता. तो मी हट्टाने मागून घेतला.

त्यात आम्ही पाठमोऱ्या दिसतो. दोघी शेजारी शेजारी चाललोय, पण मध्ये एका माणसाएवढी जागा. माझा उजवा हात आणि मावशींचा डावा, दोन्ही त्या जागेकडे वळलेले, मुठी मिटलेल्या. आम्ही एकाच वेळी थांबतो आणि एकाच वेळी निघतो. डावीकडेही एकदमच वळतो. विहिरीपाशी आमचे हात त्या रिकाम्या जागेतून एकमेकांकडे येतात आणि जुळतात. मेघनाची किंकाळी त्यानंतरची आहे. मी तो ऑफिसातल्या व्हिडिओ तपासणाऱ्या सहकाऱ्याला दाखवला. काटछाट काही नाही, असं तो म्हणाला.

नंतर एका रविवारी मी आणि मावशी जासईला जाऊन चौकशीही करून आलो. त्या विहिरीत कधी कुणी बुडालं, कुणी जीव दिला, असं काहीच कुणाला माहीत नाही. साधी शेताची विहीर, पाणी आटलं म्हणून सोडून दिलेली.

तेव्हापासून आम्हा दोघींचं येणं-जाणं मात्र सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मी दिवाळ्याला असते. मावशींचं म्हणणं एकच, की त्या हाताने आपल्याला वाचवलं. विहिरीपाशी थांबवलं ना? दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले ना? मग झालं तर.

माझं तसं नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलाय. आम्ही सरळ चाललो होतो, आणि सरळ गेलो असतो तर मोकळ्या रानात गेलो असतो. विहिरीकडे वळवलं ते त्या हातानेच. वाचवायचं होतं तर तिथे नेलं कशाला? आणि नेलं, तर मग सोडलं का? मी हे बोलले की मावशी चिडतात. "आता तरी संशय सोर, बाय," म्हणतात आणि चहा ठेवायला उठतात.

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. पण एक गोष्ट मी मावशींनाही सांगितलेली नाही. तो हात सुटला तेव्हा, पट्टी काढायच्या आधी, मला हायसं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं... अजून थोडं चालायला हवं होतं.