एक माल्ट, एक हॉप, एक फुगा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अंकलइतका कायदा पाळणारा आणि तरीही डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या दोह्यात सापडणार नाही. मी आडव्या बाटलीच्या चळवळीत वाढलेली मुलगी. दारूबंदीच्या मतदानात गावातल्या बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा म्हणून बारावीत असताना मी पत्रकं लिहिली, दारोदार वाटली, दुकानवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पुढे नर्स होऊन दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत राहायला आले, तर माझ्या पायाखाली नेमका कोण निघावा? बिअर करणारा वसईकर.

बिअर हा त्यांचा शब्द. मी त्याला बार्लीचा काढा म्हणते, कारण त्यात यीस्टच नसतं. इथे घरात दारू केली तर तुरुंग आणि मग परतीचं विमान. अंकलची ऑफिसातली नोकरी आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे आंटीची, हॉस्पिटलातली, दोन्ही खलास. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून हा गृहस्थ सगळं करतो, फक्त बिअर होऊ देत नाही. बार्लीला बाथरूममध्ये मोड आणतो, बाल्कनीत वाळवतो, तव्यावर भाजतो, तो माल्ट. कडूपणासाठी हॉपची सुकी फुलं, झोपेचा काढा म्हणून जडीबुटीच्या दुकानातून आणलेली. एक माल्ट, एक हॉप, बस. पलीकडच्या अल थुमामा भागातल्या एका मित्राने खजूर घालून बघा म्हटलं, तर त्याला दुसरा चहा मिळाला नाही. "दोन-दोन जिन्नस टाकले की चूक कोणाची ते कळत नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. भरलेल्या बाटलीच्या तोंडावर वाढदिवसाचा फुगा चढवायचा. एक दिवस ओट्यावर पहारा, मग फ्रीज. फुगा वर उठला तर माल आंबला, सगळं सिंकमध्ये. मग करताच कशाला, असं मी एकदा तडकून विचारलं. म्हणाले, "परत गेल्यावर एकदा खरी करायचीय. तोवर हात विसरायला नको."

माझ्या पत्रकांनाही त्यांनी सोडलं नाही. बंद लिफ्टवरून मी इमारतीच्या मालकाला सोळा मागण्यांचं पत्रक दिलं, तर म्हणे, "सोळा हॉप टाकलेस, पोरी. कडू झालंय, पण कशानं ते कळेना." आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एकाच मागणीचं पत्रक काढलं आणि लिफ्ट सुरू झाली. तो राग अजून गेलेला नाही.

मागच्या शुक्रवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं. आंटीने फुगे केले होते, म्हणजे वसईकडचे, यीस्टच्या पिठाचे गोल तळलेले. आणि ओट्यावरच्या बाटलीवरचा लाल फुगाही टम्म उभा. आदल्या दिवशी आंटीने पिठाचा डाव न धुता अंकलच्या पातेल्यात फिरवला होता. मी भडकले. खिडकी उघडी, जिन्यात माणसं, वास गेला तर दोघांचा संसार विमानात, आधी ओता, असं सगळं एका दमात सुनावलं.

अंकलनी बाटलीला कान लावला. "ऐक," ते म्हणाले, "बोलायला लागली."

आंटी हळूच म्हणाली, "एक घोट घ्या. कोण बघतंय?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी लावून घेतली. अंकलनी फुगा काढला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. स्वयंपाकघरभर ओल्या पावासारखा वास पसरला.

"चूक कळली," ते म्हणाले. "इतकी वर्षं फक्त यीस्ट कमी पडत होतं."

मग थेंबही न चाखता त्यांनी बाटली सिंकमध्ये ठेवली, आडवी. फेस जाळीपाशी थांबून थांबून खाली गेला. आडव्या बाटलीसाठी मी इतकी वर्षं घसा फोडला, पण ती समोर आडवी झालेली पाहून मला आनंद झाला, असं काही मी पत्रकात लिहू शकणार नाही. वास जावा म्हणून नळ सोडायचं काम माझ्याकडे होतं. तो मी जरा उशिरानेच सोडला.