विंचरलेली आकाशगंगा

आमच्या स्टुडिओत फोटो मी काढतो आणि माणसं बायको घडवते. कुणाच्या गालावरचा डाग जातो, कुणाला हनुवटी मिळते. नवऱ्यामुलाचा एक केस जरी उभा राहिला तरी हिच्या जिवाची घालमेल. कॉम्प्युटरपुढे बसून तो खाली बसवेपर्यंत ही चहाला हात लावत नाही. माझ्या चेहऱ्यापुढे मात्र तिनं केव्हाच हात टेकले आहेत.

हिची भाची आकाशातल्या वायूच्या ढगांवर पीएचडी करत होती. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोर आमच्याकडेच. शेवटच्या परीक्षेसाठी तिला भिंतभर चित्र हवं होतं. "मावशी, आकाशगंगेच्या मध्याजवळचे ढग आहेत हे. रंगांना जरा उठाव आण," एवढं सांगून ती गेली. चित्रात सगळा पसारा आडवा आणि मधोमध बारीक तंतू ताठ उभे. ते पाहिलं मात्र, हिचे हात शिवशिवायला लागले. संध्याकाळपर्यंत आकाशगंगा चापूनचोपून, भांग पाडून तयार! मीही म्हणालो, "वा, काय सुरेख झालंय!" गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही.

परीक्षेच्या दिवशी चित्र उलगडलं आणि भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा सगळा प्रबंध त्या उभ्या तंतूंवरच होता.

"तंतू कुठे गेले?" परीक्षक बाईंनी विचारलं.

अनोळखी माणसांत कधी तोंड न उघडणारी ही मागच्या रांगेतून उठली. "मी बसवले. मला वाटलं, विस्कटलेत. चूक माझी आहे, पोरीला नापास करू नका हो."

भाचीनं मूळ चित्र शेजारच्या पडद्यावर लावलं. "तिथं चुंबकीय क्षेत्राचा जोर नसता तर वायू मावशीच्या चित्रासारखा आडवा पसरला असता. तो जोर आहे, म्हणून हे तंतू असे उभे."

बाई या चित्राकडून त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "तो जोर नसता तर काय, हाच माझा पुढचा प्रश्न होता. बसा मावशी."

भाची डॉक्टर झाली. बाहेर आल्यावर ही रडवेली होऊन म्हणाली, "मी तर तुझं वाटोळंच करत होते गं."

"करत होतीस खरी," भाची म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. "पण एवढ्या लोकांत माझ्यासाठी उठलीस ना, आई."

इतक्या वर्षांत तिनं हिला आई म्हटलं नव्हतं. मी हिला द्यायला रुमाल काढला आणि आधी माझेच डोळे पुसले.