मोतीवालीच्या गालावर काळा ठोकळा

मंडळी, पटकन एक सांगा.

कानात मोती घातलेल्या मुलीचं ते जगप्रसिद्ध चित्र मी खेळण्यातल्या ठोकळ्यांनी बनवलंय. आज सकाळी ते रेवसच्या लाँचने मुंबईला स्पर्धेसाठी आणलं. इथे वरची चादर काढली, तर तिच्या गालावर काळा ठोकळा!

घाबरून थळला घरी आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मीच तीट लावली. गोरीपान पोर दर्यातनं नेतेस, नजर नको लागाया."

परीक्षक शेजारच्या चित्रापाशी आलेत. मी दोनदा ठोकळ्याला नख लावलं, दोनदा मागे घेतलं. बक्षीस हवंच आहे हो. पण पोरीला घरीही दर्यातूनच न्यायचंय.

तुम्ही काढला असता?