कळफलकाचा विटाळ

माणसाच्या हाताच्या स्पर्शाने संगणकाला रोग होतो का? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. प्रश्न हास्यास्पद वाटेल. आमच्या शाळेत तो हास्यास्पद नव्हता. माझी नोकरी त्याच्यावर टांगलेली होती.

मी कळफलकावरची एक कळ दाबली. अक्षर पडद्यावर उमटलं. हिरवं, ठसठशीत. ते नीट वाचून होण्याआधीच संगणक-खोलीचे प्रमुख, आमचे गणिताचे सर, माझ्या मागे येऊन उभे राहिले. दाराकडे तोंड करून त्यांनी शिपायाला हाक मारली.

"मामा, ओलं फडकं आना. कीबोर्ड पुसून घ्या."

मामांनी पुसला. एक कळ दाबली होती, पुसल्या सगळ्या. नववीची मुलं बाकांवर बसून बघत होती. मी जागच्या जागी उभी. त्यांची विज्ञानाची शिक्षिका. आदल्याच तासाला मी त्यांना शिकवलं होतं की निरीक्षण लक्षपूर्वक करावं. मुलं लक्षपूर्वक निरीक्षण करत होती.

शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातली. नामांतराच्या मागणीला दशक उलटून गेलं होतं आणि विद्यापीठाची पाटी अजून जुनीच होती. मी राखीव जागेवर लागलेली, गावातली पहिली बौद्ध शिक्षिका. अजून कायम झाले नव्हते. शाळेला दोन संगणक मिळाले तेव्हा त्यांच्या पेट्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मुख्याध्यापकांनी भाषण केलं की एकविसावं शतक आपल्या गावात आलं आहे. मग त्या शतकाला कुलूप लावून किल्ली गणिताच्या सरांकडे देण्यात आली.

सर शहरात प्रशिक्षणाला जाऊन आले. येताना त्यांनी एक नवा शब्द आणला. व्हायरस.

"कॉम्प्युटरला रोग होतो, माणसासारखाच," त्यांनी शिक्षक-खोलीत समजावून सांगितलं. "एकाचा दुसऱ्याला लागतो. म्हणून स्वच्छता पाळा म्हणतेत."

प्रशिक्षकाने नेमकं काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही. सरांना काय ऐकू आलं ते मात्र लवकरच दिसलं. चपला बाहेर. हातपाय धुऊन आत. इथवर सगळ्यांना सारखं होतं. पुढचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आमच्या वस्तीतल्या मुलांनी हातपाय धुतले तरी त्यांना खुर्ची मिळत नसे. "तुमी खिडकीतून बघा, दिसतंय तिथून," असं सर म्हणत. आवाज अगदी मायेचा.

मी विचारलं, "सर, ही मुलं आत का नाहीत?"

"मॅडम, मशीन लय नाजूक हाय. उद्या व्हायरस लागला तर जबाबदार कोण?"

त्याच आठवड्यात मी आत गेले आणि ती कळ दाबली. परवानगी मागितली नाही. शिक्षिकेने शाळेच्या वस्तूला हात लावायला परवानगी कसली?

पुसलेल्या कळफलकातल्या दोन-तीन कळा नंतर चिकटू लागल्या. आत पाणी गेलं होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मग एका दुपारी त्याच संगणकाच्या पडद्यावर एक लहानसा गोळा दिसू लागला. चेंडूसारखा. या कडेवरून त्या कडेवर आपटत, अक्षरांमधून उड्या मारत फिरणारा. काही केल्या थांबेना.

शिक्षक-खोलीत निकाल लागायला वेळ लागला नाही.

"लागला ना व्हायरस?" इतिहासाचे सर चहा ओतता ओतता म्हणाले. "कोट्यातून आला."

सगळे हसले. एकाने पुढे जोडलं, "विद्यापीठाला नाव द्या म्हणायलेत. आता कॉम्प्युटरलाबी द्यायचं का?"

मीही तिथेच बसले होते. माझ्या हातात कप होता. तो मी रोज घरून आणत असे आणि घरी नेऊन धूत असे. का, ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला कळलेलं होतं. त्या दिवशी तो कप मला पहिल्यांदा दिसला.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता.

"मॅडम, संस्थेचे लोक चिडलेत. सोमवारी प्रार्थनेला उभं राहून एवढंच म्हना, माझ्या हातून चूक झाली, मी मशीनला हात लावायला नको होता. विषय मिटला. तुमच्या कायम व्हायचा कागद माझ्याच टेबलावर हाय. मला अडवायचा न्हाई."

मी म्हटलं, "सोमवारी बोलते, सर."

रविवारी एसटीने परभणीला गेले. माझे मावसभाऊ तिथे एका कार्यालयात संगणकावर आकडेमोडीचं काम करत. त्यांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. किल्ली घेऊन मला कार्यालयात घेऊन गेले, यंत्र सुरू केलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस."

"हात धुऊन येते, दादा."

"कशाला? इथं आमचे लोक चिवडा खाता खाता टाइप करतेत. बटनं बघ कशी तेलकट झालेत. कसला रोग न्हाई झाला त्याला."

मी बसले. बराच वेळ माझे हात मांडीवरच होते. मग कळांवर ठेवले. कुणी फडकं आणलं नाही.

दादांनी समजावलं ते असं. व्हायरस म्हणजे कुणीतरी माणसाने लिहिलेल्या सूचना. त्या दूषित फ्लॉपीत लपून बसतात, तिच्यासोबत यंत्रात जातात आणि तिथून दुसऱ्या फ्लॉपीत. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली ती चकती, जिच्यावर यंत्राची माहिती साठवतात. उड्या मारणारा चेंडू त्यांनी पाहिलेला होता. "तुमच्या शाळेत बाहेरची फ्लॉपी कोन आनतं, तेवढं बघ," ते म्हणाले.

मला बघायची गरज नव्हती. गणिताचे सर शहरातून खेळांची एक फ्लॉपी घेऊन आले होते. शाळा सुटली की ते आणि संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या दार लोटून खेळत बसत. बंद दारातून टुकटुक आवाज येई.

निघताना दादांनी एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं. परतीच्या गाडीत मी त्यातलं पहिलं प्रकरण वाचलं. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी कॉम्प्युटर हा शब्द माणसांसाठी वापरत, असं त्यात होतं. पगारावर आकडेमोड करणारी माणसं. एक मोठं गणित अनेकांत वाटून घेत आणि ओळीने बसून सोडवत. त्यांत पुष्कळ बाया होत्या. पुढे त्यांचं काम यंत्र करू लागलं आणि त्यांचं नावही यंत्राला मिळालं.

मी पुस्तक मिटलं. एका यंत्राला माणसांचं नाव मिळालं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आमच्याकडे विद्यापीठाला एका माणसाचं नाव द्या म्हटल्यावर आमच्या वस्तीतली घरं जळाली होती. मी तेव्हा शाळेत शिकत होते. माझं विज्ञानाचं पुस्तक त्यात गेलं. बा दुसऱ्या दिवशी राखेत काठी घालून ते शोधत होता, जणू सापडणार होतं. आणि आता मी त्याच लोकांसमोर उभी राहून म्हणणार होते की माझ्या हातून चूक झाली?

सोमवारी प्रार्थना संपली. मुख्याध्यापकांनी मला खूण केली. मी पुढे गेले.

"मी संगणकाला हात लावला. तो माझा अधिकार आहे. मी माफी मागणार नाही. हाताने यंत्राला रोग होतो, असं या शाळेत सांगितलं जातं. विज्ञानात सांगितलेलं पुरत नाही, तपासावं लागतं. आपल्याकडे दोन संगणक आहेत. कंपनीने दिलेल्या, अजून न उघडलेल्या फ्लॉप्याही आहेत. एक संगणक नव्या फ्लॉपीने सुरू करू आणि त्याला मी व वस्तीतली सगळी मुलं हात लावू. दुसऱ्याला आमच्यापैकी कुणीही हात लावणार नाही. तो सरांनी स्वतः हात धुऊन, त्यांच्या खेळांच्या फ्लॉपीने सुरू करावा."

गणिताचे सर म्हणाले, "ह्ये काय कोर्ट हाय का?"

तेव्हा दहावीच्या रांगेतून एक मुलगी बोलली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची लेक. "सर, बघून घेऊ की. आमालाबी बघायचंय."

तिला गप्प बसवणं सोपं नव्हतं. तिचे वडील संस्थेत होते.

खोलीत सगळे मावले नाहीत. पहिल्या यंत्रासमोर मी बसले. मग आमची मुलं एकेक करून आली. एकाने कळ दाबली आणि लगेच बोट सदऱ्याला पुसलं. मी त्याला परत बसवलं. "पुसू नकोस. आपलं नाव लिही." त्याने लिहिलं. शेजारच्या यंत्रासमोर सर गंभीर चेहऱ्याने बसले होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. सर खुर्चीत रेलले. "बघा," ते म्हणाले. त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यातून तो गोळा निघाला आणि उड्या मारू लागला. आमच्या पडद्यावर मुलांची नावं होती. एकाखाली एक. स्थिर.

उत्तर मिळालं, म्हणून हा लेख इथे संपायला हवा होता. मला तसंच वाटलं होतं.

सर उठले. ते ओशाळले नव्हते. "ठीक हाय, फ्लॉपीतून येतंय," ते म्हणाले. "पन मॅडम, तुमी बाहेरून बघितलं तर काय बिघडतंय?"

त्या वाक्याने मला जागं केलं. इतके दिवस मी समजत होते की सरांना माहिती नाही, आणि माहिती दिली की काम होईल. त्यांना माहिती नको होती. त्यांना दार हवं होतं. काल त्या दाराचं नाव विटाळ होतं, आज व्हायरस, उद्या जे यंत्र येईल त्याच्यासोबत आणखी एखादं येईल.

"बिघडतं," मी म्हटलं आणि खुर्चीतून उठले नाही.

कायम व्हायचा माझा कागद पुढे दीर्घकाळ त्या टेबलावरच राहिला. मी दर तासाला खोली उघडून घेतली. कधी भांडून, कधी दारात मुलांसकट बसून. हात धुऊन आत गेले नाही. मुलांनाही सांगितलं की तेलाने, मातीने भरले असतील तर हात धुवा, इतर कुठल्याही कारणासाठी नाही. घरून आणलेला कप मी शिक्षक-खोलीच्या फळीवर बाकीच्या कपांत ठेवून दिला. तो तिथून हलवू दिला नाही. आणि ठरवलं की जे यंत्र गावात येईल त्याच्या पहिल्या खुर्चीवर आमच्यातलं कुणीतरी बसेल. ते मी पाळते आहे.

माझं उत्तर माझ्या शब्दावर मान्य करू नका. तुमच्या शाळेत, कचेरीत, बँकेत जे नवं यंत्र आलं आहे, त्याच्याजवळ जा. कोण बसलं आहे आणि कोण उभं आहे ते पाहा. उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या हाताबद्दल काय कारण सांगितलं आहे, ते विचारा. मग त्याला खुर्ची द्या, त्याचे हात कळांवर ठेवू द्या आणि यंत्राला काय होतं ते स्वतः तपासा.