सोळाचे चार

आमच्या केंद्रातून उपग्रहामार्फत जाणारा संदेश माझ्या पडद्यावर सोळा हिरव्या ठिपक्यांत दिसतो. आभाळ दाटलं की ठिपके थरथरतात, एकमेकांत मिसळतात. मग मी सोळाचे चार करते, म्हणजे ठिपके दूर दूर राहतात. एका वेळी कमी पाठवायचं, पण नीट पोचवायचं.

आज दुपारीही तेच केलं आणि बोटीवरून नवऱ्याचा सॅटेलाइट फोन आला. नुसती खरखर. तरी आईचं ऑपरेशन, गळकं छत, लेकीचा अबोला, सगळं मी एका दमात कोंबलं. इतक्या दिवसांच्या साठलेल्यातून माणूस निवडणार तरी काय?

“काही कळत नाहीये गं,” तो म्हणाला. “तू बरी आहेस ना, एवढंच सांग.”

“बरी म्हणजे...” मी सुरुवात केली, तेवढ्यात फोन कट झाला.

पडद्यावर चारही ठिपके आपापल्या जागी शांत होते.