बिनमसाल्याची कोळंबी

एक्स्पोर्टकाकांनी अर्धा जन्म मासळी खपवण्यात घालवला होता आणि मासळीचा तुकडा कधी तोंडात घातला नव्हता. डोंबिवलीचे ब्राह्मण, घरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. आणि हा गृहस्थ आमच्या कोलशेतच्या खाडीतली कोळंबी जपानला पाठवायला निघालेला! ठाण्यात लोक तोंडावर हसायचे. मीही हसले असते, पण मी त्यांच्याच ऑफिसात टायपिस्ट होते आणि ती कोळंबी विकणारी बाई माझी आई होती.

ऑफिस कसलं, खोपटच्या एसटी डेपोजवळ जिन्याखालची एक खोली. तिथून काका परदेशी व्यापाऱ्यांना पत्रं धाडायचे. मी टाइप करून करून कंटाळायचे, ते सांगून कंटाळायचे नाहीत. "माल चांगला आहे गं, फक्त जगाला कळायचंय." उत्तर आलं नाही की चष्मा पुसत म्हणायचे, "बघू, पुढच्या हंगामात." ही दोन वाक्यं ऐकून माझे कान किटले होते.

नमुन्याची बर्फाची पेटी ते स्वतः उचलायचे. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसले की शेजारचा उठून जायचा. काका ऐसपैस बसत आणि मला म्हणत, "हा बघ आपला पहिला नफा." असल्या माणसावर चिडायचं तरी कसं?

आईचा त्यांच्यावर फार जीव. कारण तिला दुसरं गिऱ्हाईक कोण उरलं होतं? बाजारात गिऱ्हाईक टोपलीशी वाकून आधी विचारायचं, "खाडीची का समुद्राची?" खाडीची म्हटलं की पुढे सरकायचं. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरत होतं आणि कोळंबीला घासलेटसारखा वास मारायला लागला होता. घरी आईने मसाला वाढवत नेला, लसूण वाढवला, चिंच वाढवली. आम्ही निमूट जेवायचो. काकांना मात्र तिने यातलं काही कळू दिलं नाही. मला दटावून ठेवलेलं, "त्याना सांगशील तं बघ. जपानवाल्यानी घेतली तं आपली टोपली उठंल." काकांना तरी वासातलं काय कळणार? त्यांना सगळ्या मासळीचा वास सारखाच.

एकदाचा जपानचा माणूस मुंबईत आला. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी घेऊन हॉटेलात गेले, सोबत मी. त्या माणसाने कोळंबी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून आणायला सांगितली. मसाला नाही, काही नाही! त्याने एक खाल्ली, ताटली हळूच बाजूला सारली आणि पाणी प्यायला. मग अगदी अदबीने इंग्रजीत म्हणाला, तेलाचा वास येतो.

काका तिथून थेट आमच्या घरी आले. चपला दारात काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, चार कोळंब्या उकडून द्या. मीठ फक्त."

"भाऊ, तुमी बामन मानूस. कशाला बाटताव?"

"इतकी वर्षं हिलाच मांडीवर घेऊन फिरतोय. आता काय बाटायचं राहिलंय?"

आईने उकडून दिल्या. काकांनी डोळे मिटून एक तोंडात घातली, बराच वेळ चावली. दुसरीही खाल्ली. मग डोळे उघडले आणि तोंडभर हसले. "अहो, गोड आहे की! कुठाय वास? उगाच नावं ठेवतात मेले."

आयुष्यात पहिल्यांदा खात होते बिचारे. चांगली कोळंबी कशी लागते हे त्यांना कोण सांगणार! आई "हो" म्हणाली असती तर ते दुसऱ्या दिवशी नवा देश शोधायला निघाले असते. मला वाटलं, म्हणेल. पण तिने पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. "नाय भाऊ. ही कोलबी नाय. माझे आयशीचे वेळची खाल्ली असती तं तुमाना समाजलं असतं. खाडी मेली आमची."

काकांनी उरलेल्या दोन कोळंब्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याही खाऊन टाकल्या. पानात टाकायची नाही, ही त्यांची घरची शिस्त. "पुढच्या हंगामात" हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही.

ऑफिस बंद झालं. मी कळव्याला दुसरी नोकरी धरली. आईने टोपली ठेवून दिली. काका कधी ठाण्यात भेटले तर थकलेले दिसायचे, पण कोणी खाडीच्या मासळीला नाक मुरडलं की भांडायला उठायचे. "मी खाल्लीय. गोड असते."

ते गेल्याची बातमी मीच आईला सांगितली. ती चुलीशी भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने खाली ठेवली. मग म्हणाली, "येकदा तरी त्याना बरी कोलबी खावाला घालाची व्हती गं."